कुंदा, तुझं दुकानात जाणं राहिलं

कुंदा, तुला शेवटी चॉकलेटी साडी नेसवली. तुझ्या पेटीत घडी न मोडलेली तेवढी एकच होती. तुझ्या भावजयीनं, सुमनवहिनीनं, ती काढली तेव्हा मी शेजारीच उभी होते. "चॉकलेटी काहून?" असं मी विचारलं, तर ती रडता रडता म्हणाली, "तिले असेच रंग आवडत होते ना वं. जलमभर हेच नेसली."

त्या वेळी कोणाशी वाद घालायचा नसतो, आणि तिची चूकही नव्हती. तिनं जे पाहिलं तेच ती बोलली. ते रंग तुला आवडत नव्हते, मिळत होते. आधी आईनं आणले, मग भावानं, मग भावजयीनं. हातानं फिरवायच्या तुझ्या तीनचाकीच्या साखळीचं वंगण लागतं, पदर खाली लोळतो, धुणं दुसऱ्याला करावं लागतं, म्हणून चॉकलेटी, राखी, काळपट हिरवा. सगळे मळखाऊ. गल्लीतल्या प्रत्येक बाईच्या साडीला तू फॉल लावलास, पिको केलास, पण तुझ्या अंगावरची एकही साडी तू निवडलेली नव्हती. आणि जी नेसून गेलीस, तीही आम्हीच काढली.

हे मी मोठ्यानं कोणाला सांगितलेलं नाही. तुला सांगते आहे, कारण ऐकून तू हसली असतीस. "पाह्य वं, मेल्यावरई मळखाऊच," असं काहीतरी म्हणाली असतीस.

मेडशीहून लग्न होऊन मी कारंज्यात आले, तेव्हा पहिल्यांदा तुझ्याकडे आले ती साडीला फॉल लावायला. घरात होतं म्हणून त्याच रंगाच्या दोऱ्याचं रीळही सोबत नेलं होतं. तू मशीनवरून मान वर केलीस, रीळ पाहिलंस आणि विचारलंस, "दोरा घरून आनला? सुई नाही आनली?" मी काही बोलणार तर पुढे म्हणालीस, "कुठली वं तू? मेडशीची? मंग बराबर हाये." मेडशीचं त्यात काय होतं, ते मला आजवर कळलेलं नाही. पण त्या दिवसापासून मी मेडशीवाली झाले. घरातले मला आई, काकू, वहिनी म्हणतात. मेडशीवाली म्हणणारी तू एकटीच होतीस.

मी हिशेबी आहे, हे तुला पहिल्याच दिवशी कळलं, आणि तू त्याची चेष्टा करायची कधी सोडली नाहीस. पण मापं काढायची झाली की मलाच हाक मारायचीस.

आठवडी बाजारात तुझ्यासोबत जायला मला आवडायचं. तिथे भाजीवाले जमिनीवर बसतात. तुझी तीनचाकी त्यांच्या पालाला अगदी टेकून उभी राहायची. तू वाकून वांगं उचलायचीस, दाबायचीस, देठ पाहायचीस, परत टाकायचीस. एकदा कामरगावचा एक भाजीवाला वैतागून म्हणाला, "बाई, वांगं घ्याले आल्या का पोरगी पाहाले?" तू म्हणालीस, "पोरगी चालून जाते बाप्पा एखादवेळी. वांगं किडकं नाही चालत." आजूबाजूचे सगळे हसले, तोही हसला, आणि तू शेवटी त्याच्याकडून काहीच न घेता पुढे गेलीस. तो तुला ओरडला नाही. गिऱ्हाईक असंच वागतं, हे त्याला माहीत होतं.

कापडाच्या दुकानांचं मात्र तसं नव्हतं. आपल्या बाजारपेठेत समोरून नाली वाहते, म्हणून सगळी दुकानं ओट्यांवर. तू रस्त्यावर थांबायचीस. दुकानदार भला माणूस असला तर गादीवरून उठून दोन साड्या बाहेर आणून दाखवायचा. तिसरी आणताना त्याच्या चेहऱ्यावर कंटाळा दिसायचा. चौथी तू कधी मागितली नाहीस.

म्हणून मी ज्या संस्थेचं काम करते, तिनं जुन्या वस्तूंचं दुकान काढायचं ठरवलं, तेव्हा माझ्यापेक्षा तुला जास्त आनंद झाला. लोकांनी दिलेले कपडे, भांडी, दप्तरं धुऊन-निवडून थोड्या किमतीला विकायची, अशी ती कल्पना. फुकट काही द्यायचं नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरलं. अध्यक्ष छान बोलले. फुकट घेणाऱ्याची मान खाली जाते, किंमत देणारा गिऱ्हाईक होतो, असं ते म्हणाले. मी हे तुला जसंच्या तसं सांगितलं. तू मशीन थांबवलंस. "म्हंजे तठी कोनी कटाळन नाही? पाह्यलं, ठेवलं, पाह्यलं, ठेवलं, चालन?" मी म्हटलं, चालेल. बुधवारी दुपारी दुकानात मीच असणार होते.

आणि जागा मिळाली ती ओट्यावरची. अडीच फूट उंच, दगडी पायऱ्या, त्याही उभ्या, धरायला काही नाही. एका दात्यानं दिलेली जागा, तिला नावं कशी ठेवणार? उद्घाटनानंतरच्या पहिल्या बुधवारी तू आलीस आणि रस्त्यावर थांबलीस. आत दोरीवर साड्या टांगलेल्या होत्या. खालून तुला त्यांचे काठ तेवढे दिसत होते. तू मान वर करून बराच वेळ पाहत राहिलीस. मी बाहेर आले तर म्हणालीस, "ते मांगची पिवळी हाये ना, तिचा पदर कसा हाये?"

मी पिवळी आणली. सोबत आणखी चार-पाच आणल्या. ओट्याच्या कडेला बसून एकेक उलगडून दाखवली. तू सगळ्या पाहिल्यास, घड्या घालून परत दिल्यास. पुढच्या बुधवारीही तेच. मला वाटलं, तुला एकही पसंत पडत नाही, म्हणून मी जास्त विचार करून निवडून आणू लागले. एक दिवस तू चिडलीस.

"तू नोको आनू."

"काहून? चांगल्या नाही आनत का मी?"

"चांगल्याच आनतं. तेच तं. तू आनतं तुया पसंतीच्या. तू वर उभी राहून दहा नापसंत करतं, मंग पाच खाली आनतं. मले ते दहा पाह्यजेत. मले नापसंत कराचं हाये."

मी म्हटलं, साडी मिळाल्याशी मतलब. तू म्हणालीस, "साड्या मले रोज हातात असतात वं, लोकाईच्या. मले दुकान पाह्यजे." हा वाद आपण किती वेळा घातला असेल! दर वेळी मी घरी येऊन विचार करायची आणि दर वेळी तुझं म्हणणं थोडं जास्त पटायचं. पूर्ण पटलं तेव्हा तुझ्या दारात येऊन "तुझं बरोबर आहे" असं म्हणायचं राहिलं. तेवढ्यासाठी कोण जातं? आपण समजतो, समोरच्याला कळलं असेल.

तुझी मागणी मी समितीच्या बैठकीत मांडली. त्यांनी मन लावून ऐकलं. पुढच्या बुधवारी दुकानाबाहेर पाटी लागली. दिव्यांग व निराधार यांना वस्तू मोफत. हे त्यांनी चांगल्या मनानं केलं होतं, आणि म्हणूनच त्यांच्यावर रागावता येईना. तू पाटी वाचलीस आणि मला विचारलंस, "फुकट घेनाऱ्याची मान खाली जाते म्हने तुमचे अध्यक्ष?"

"हो."

"मंग सगळ्याईची मान वर ठेवता, अन् माईच काहून खाली?"

मी हेही बैठकीत सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, वहिनी, त्यांना गैरसमज झाला. सचिव म्हणाले, चौघं जण मिळून त्यांना तीनचाकीसकट वर घेऊ, त्यात काय एवढं. तू ऐकलं नाहीस. "उचलून नेतात ते सामान," म्हणालीस. मी तुला समजावलं, एकदा तर जा, आत तर पाहा. "आज उचलतीन. पुढच्या बुधवारी? त्याच्या पुढच्या? मले दर बुधवारी येऊन काईच न घेता परत जाचं हाये. चार जन उचलून आनल्यावर काई न घेता कोन जाऊ देईन?"

कुंदा, या एका गोष्टीवर मी अजूनही अडले आहे. एकदा तरी उचलू द्यायला हवं होतंस, असं मला वाटतं. एकदा तरी आत गेली असतीस. दोरीवरच्या साड्या आपल्या हातानं सरकवून नापसंत केल्या असत्यास. तुझं म्हणणं खरं होतं, पण खरं धरून बसलीस आणि बाहेरच राहिलीस. हे तुला आता बोलते आहे, कारण तू उलटून बोलू शकत नाहीस. बोलली असतीस तर मीच हरले असते.

मग गोदामाचा कार्यक्रम झाला. दुकानाच्या बाजूला संस्थेचं गोदाम आहे, रस्त्याच्या पातळीवर. आलेल्या कपड्यांचे गठ्ठे तिथे ठेवतात. समितीनं ठरवलं की गोदामाच्या दाराशी छोटा सिमेंटचा उतार करायचा, आत एक कोपरा मोकळा करायचा आणि तिथे दिव्यांगांसाठी वेगळा कक्ष. मी टेप घेऊन गेले. दार तीस इंच. तुझी तीनचाकी तेहतीस. सचिवांना सांगितलं. ते म्हणाले, "दोन-तीन इंचानं काय होते, वहिनी? जरा तिरपी घेऊ." मी म्हटलं, सायकल तिरपी केली तर रुंदी कमी होत नाही. ते म्हणाले, "तुमी लय मापं काढता."

कार्यक्रमाला मंडप होता, पाहुणे होते, फीत होती. मी तुला सगळं आधी सांगितलं होतं, तरी तू आलीस. नवी फीत लागलेलं दार तुला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी उघडून देत होतं, म्हणून आलीस असेल. केस नीट विंचरले होतेस. ब्लाउजमध्ये पाकीट होतं, ते मी पाहिलं. साडी विकतच घ्यायची, हे तू ठरवून आली होतीस. फीत कापली, टाळ्या वाजल्या, तू हँडल फिरवून उतारावर चढलीस आणि दारात अडकलीस. ना आत, ना मागे. मागून कोणीतरी रेटलं, चौकटीचा टवका उडाला. मग पाहुण्यांसमोर उशीर नको म्हणून दोघांनी तुला बगलेत हात घालून उचललं, आत नेलं आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. तू नको म्हणत होतीस, ते टाळ्यांत कोणाला ऐकू आलं नाही. अध्यक्षांनी तुझ्या मांडीवर एक साडी ठेवली. फोटो निघाला. तू पाकीट काढायला गेलीस, तर पाहुणे म्हणाले, "राहू द्या, राहू द्या, ताई." संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर तो फोटो आला. खाली लिहिलं होतं, दिव्यांग भगिनीस साडीवाटप.

साडी राखी रंगाची होती.

दुसऱ्या दिवशी तू ती माझ्या हाती परत पाठवलीस. "दोरीवर टांग. कोनी इकत घेईन." मी टांगली. कोणीतरी नेली. तू त्या कार्यक्रमाबद्दल पुढे एकच वाक्य बोललीस. "गठ्ठ्याईत बसवलं ना वं मले."

त्यानंतर मी ओट्याचं गणित मांडलं. तीनचाकीला आपल्या हातानं चढता येईल असा उतार करायचा, तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. अडीच फुटांच्या ओट्याला तीस फूट. समोरचा रस्ताच तेवढा रुंद नाही. उतार दुकानापासून निघून समोरच्याच्या घरात गेला असता. मी हा कागद तुझ्यासमोर ठेवला आणि म्हटलं, होत नाही, कुंदा. तू कागदाकडे पाहिलंसुद्धा नाहीस. मशीनवर दुसऱ्या कोणाची तरी साडी सरकवत म्हणालीस, "गठ्ठ्याईले काय घेनं-देनं हाये? ते राहतीन वर. दुकान खाली आना."

इतकं सोपं होतं ते. गोदाम ओट्यावर न्यायचं, दुकान गोदामात आणायचं, दार रुंद करायचं. मी खर्च काढला, मोजमाप काढलं, गवंड्याला विचारलं, सगळं जमत होतं. बैठकीत मांडलं तर सचिवांनी विचारलं, "दिव्यांग गिऱ्हाईक किती येतात आपल्याकडे?" मी म्हटलं, एक. "एकासाठी सगळं दुकान हलवायचं?" मी म्हटलं, पायऱ्यांमुळे जे येत नाहीत ते मोजणार कसे? ते म्हणाले, "वहिनी, आकड्याचं तुमीच बोलता नेहमी. आकडा आना." विषय पुढच्या बैठकीवर गेला. मग त्याच्या पुढच्या.

तू तापानं अंथरुणाला खिळलीस तेव्हा मी रोज यायची. श्वास लागायचा, तरी बोलणं थांबायचं नाही. "काय झालं मीटिंगचं?"

"या खेपेला होते बहुतेक."

"तुले खोटं बोलता येत नाही वं मेडशीवाले. नाक लाल होते तुयं." मग थोडं थांबून म्हणालीस, "मी बरी झाली की रोज जाईन. रोडवर उभी राहीन. दुकान खाली येत नाही तोवर." मी मान हलवली. बरी होणार नाहीस हे दोघींना माहीत होतं, आणि दोघी रस्त्यावर उभं राहायचं ठरवत होतो.

तुझ्या तेरवीनंतर बैठक झाली. सगळ्यांनी उभं राहून तुला श्रद्धांजली वाहिली. अध्यक्ष खरोखर हळवे झाले होते. कुंदाताई संस्थेची प्रेरणा होत्या, असं म्हणाले, आणि तसं त्यांना वाटतही होतं. सगळे खाली बसले. सचिवांनी पुढचा विषय पाहिला, दुकान खाली आणण्याचा, आणि हळू आवाजात, अगदी आदरानं विचारलं, "आता हा ठेवायचा का? आता येणार कोण?"

मी म्हटलं, मी नावं आणते.

कुंदा, मी घरोघर फिरले. पक्षाघातानंतर घरातच असलेल्या ढोके गुरुजींकडे गेले. पूर्वी बाजार पालथा घालणारा माणूस. म्हणाले, "पोरगा आनून देते ना सगळं. मले कायले दुकान?" मोतीबिंदूनं नजर गेलेल्या रमाआजीकडे गेले. "आता काय पाहाचं राह्यलं बाई दुकानात?" पलीकडच्या गल्लीतली ती कुबड्या घेऊन चालणारी पोरगी आठवते ना, कॉलेज सोडलेली? तिची आई दारातूनच म्हणाली, "मोफतची पाटी हाये ना? कधी काही चांगलं आलं तं सांगजा, मी येऊन नेईन." पोरगी आत बसली होती. मी तिला थेट विचारलं, तुला यायचं आहे का, स्वतः पाहायचं आहे का. तिनं आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई आणते ते चालतं मला."

तिच्या अंगात राखी रंगाचा ड्रेस होता.

मला वाटलं होतं, पायऱ्यांनी अडवलेले लोक घराघरांत वाट पाहत बसले असतील. ते वाट पाहत नव्हते. मागायचं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं, बहुतेकांनी सुरूच केलं नव्हतं. तू एकटीच मागत होतीस. तेवढी बडबड, तेवढी भांडणं, तेवढी चेष्टा करून तू ते स्वतःत जिवंत ठेवलं होतंस, आणि मला वाटायचं, तुझा स्वभावच तसा. ते किती कष्टाचं होतं, हे मला त्या घरांतून फिरल्यावर कळलं. मला जे थोडंफार दिसतं ते तुझ्यामुळे दिसतं. पण मला पाय आहेत, कुंदा. मी रस्त्यावर उभी राहिले तर लोक विचारतात, वहिनी, वर या ना.

पुढच्या बैठकीत मी एकही नाव देऊ शकले नाही. विषय वगळला. गोदामाच्या कोपऱ्यात पुन्हा गठ्ठे आले. हिवाळ्याचे कपडे यंदा फार आले आहेत, जागा लागतेच.

बुधवारी मी अजून जाते. साड्या दोरीवर टांगते, काठ रस्त्याकडे येईल अशा. खाली कोणी थांबत नाही. गेल्या बुधवारी सचिव आले होते, दुकान पाहून खूश झाले. म्हणाले, "पाहा वहिनी, आता कोणाचीच तक्रार राहिली नाही."

मी हिशेबी बाई आहे. आकडा बरोबर होता. मी हो म्हटलं.